वाचोपचारकाची सनद : मागावी कशी, मिळवावी कशी, टिकवावी कशी

गेल्या वर्षावासातली गोष्ट. रविवारचे ग्रंथवाचन आटोपले, खीर वाटली गेली आणि एक ताई चार वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "ताई, तुम्ही बोलण्याचे उपचार करता ना? याचे पण चालू आहेत. आठ महिने झाले. सर घरी येतात. पण अजून 'आई' म्हणत नाही."

मी काही विचारणार एवढ्यात मंडळाच्या पोरांनी माइक चालू केला आणि त्यातून कानठळ्या बसतील अशी शिट्टी निघाली. विहारातली सगळी लेकरे दचकून वळली, काहींनी कानावर हात ठेवले. हा एकटा मान खाली घालून हातातल्या गाडीचे चाक फिरवत राहिला.

"याची ऐकण्याची तपासणी झाली आहे का?"

"नाही. सर म्हणाले जीभ जड आहे, मोकळी झाली की बोलेल."

सर आठवड्यातून दोनदा यायचे. वेखंड मधात उगाळून जिभेला चोळायचे, बॅटरीवरच्या ब्रशने गाल हलवायचे, 'अ आ इ ई' म्हणायला लावायचे. एका वेळचे अडीचशे रुपये. महिन्याला दोन हजार, आठ महिन्यांत सोळा हजार. ताई चार घरची धुणीभांडी करतात. पुढच्या पंधरवड्यात मुलाची श्रवण तपासणी करून घेतली, तेव्हा दोन्ही कानांत तीव्र दोष निघाला. ज्याला आवाजच पोचत नव्हता त्याच्याकडून आठ महिने आवाज काढून घेण्याचा खटाटोप चालला होता. सोळा हजार पुन्हा कमावता येतात. चौथ्या वर्षातले आठ महिने कमावता येत नाहीत, कारण भाषा शिकण्याची मेंदूची जी भराभर वाढीची वर्षे असतात, ती पहिली चार-पाचच.

आता माझी चूक सांगते. त्या सरांना मी ओळखत होते. आपल्याच समाजातला, पलीकडच्या गल्लीतला तरुण. पूर्वी एका दवाखान्यात मदतनीस होता, तिथे बघून बघून शिकला. दोनदा गल्लीत भेटला तेव्हा म्हणाला, "ताई, मी पण स्पीचमध्येच आहे." मी "अरे वा" म्हटले, जयभीम केला आणि पुढे गेले. 'तुझा नोंदणी क्रमांक काय?' हा एक प्रश्न माझ्या तोंडून निघाला नाही. आपला मुलगा आहे, चार पैसे मिळवतोय, कशाला दुखवायचे, असे मनात आले. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी आहे.

सनद म्हणजे काय?

आपल्या घरात हा शब्द नवा नाही. १९२३ साली बाबासाहेब विलायतेहून परत आले तेव्हा बॅरिस्टर झालेले होते, मोठ्या मोठ्या पदव्या होत्या. तरी मुंबईच्या उच्च न्यायालयात उभे राहायचे तर वकिलीची सनद घ्यावी लागत होती आणि तिची रक्कम भरायला पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने मदत केली, सनद मिळाली, मगच वकिली सुरू झाली. पदवी वेगळी आणि लोकांचे काम अंगावर घेण्याची परवानगी वेगळी, हा फरक यातून लक्षात घ्यावा.

वाचोपचारालाही अशी सनद आहे. भारतीय पुनर्वास परिषद कायदा १९९२ साली संसदेने केला आणि १९९३ पासून ही परिषद कायदेशीर संस्था म्हणून काम करते. तिला सगळे आरसीआय म्हणतात, कार्यालय नवी दिल्लीत. श्रवण व वाचोपचार तज्ज्ञ, विशेष शिक्षक, श्रवणयंत्र तंत्रज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ अशा अनेक व्यवसायांची एक केंद्रीय पुनर्वास नोंदवही परिषद ठेवते. मान्य अभ्यासक्रम पूर्ण केलेल्याचेच नाव त्यात चढते आणि त्याला क्रमांक मिळतो. कायद्याचे कलम १३ सांगते की नाव नोंदवहीत असेल तरच हा व्यवसाय करता येईल, प्रमाणपत्रावर सही करता येईल. नोंद नसताना काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाचा आकडा वाचून हसू येते, मान्य आहे. आठवडाभराच्या घरभेटींत तेवढे सुटतात. म्हणून कायद्याच्या भरवशावर बसून चालणार नाही, विचारण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल.

कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ यांची नोंदणी वेगळी, ती वैद्यक परिषदेकडे असते. ते कान तपासतील, शस्त्रक्रिया करतील. बोलण्याची महिनोन्महिने चालणारी तालीम मात्र वाचोपचार तज्ज्ञच घेतो.

मागायची कशी?

आपल्याकडे लाज इथेच आडवी येते. शिकलेल्या, इस्त्रीचा शर्ट घातलेल्या, बॅग घेऊन आलेल्या माणसाला कागद मागायचा म्हणजे त्याचा अपमान, असे वाटते. त्यात तो मोफत किंवा कमी पैशांत येत असेल तर आणखीच. बावीस प्रतिज्ञा घेतल्यावर आपण अंगारा-धागा सोडला. पण कोणी गळ्यात ओळखपत्र अडकवून आला की त्याच्या ब्रशवर तोच जुना विश्वास ठेवतो, त्याचे काय? बुद्धाने कालामांना सांगितले ते हेच ना, की कोणी सांगतो म्हणून, सांगणारा मोठा दिसतो म्हणून मानू नका, तपासून पाहा.

शब्द साधे वापरा. "सर, बाळाच्या फायलीत लिहून ठेवायचे आहे, तुमचा आरसीआय क्रमांक सांगाल का?" एवढे पुरे. खरा तज्ज्ञ रागावत नाही, उलट बॅगेतून प्रमाणपत्राची प्रत काढतो. त्यावर तीन गोष्टी पाहा. एक, नाव त्याच माणसाचे आहे का. दोन, कोणत्या व्यवसायासाठी नोंद आहे. विशेष शिक्षकाचीही आरसीआय नोंद असते आणि तो शिकवण्याचे मोलाचे काम करतो, पण म्हणून तो वाचोपचार तज्ज्ञ होत नाही. तीन, मुदत संपलेली आहे का. मग घरातल्या किंवा शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला सांगा की परिषदेच्या संकेतस्थळावर हे नाव आणि क्रमांक शोध. चहा होईपर्यंत काम होते.

नोंदणीत दोन पायऱ्या आहेत हेही ठाऊक असू द्या. पदवी घेतलेले व्यावसायिक या वर्गात येतात. एक वर्षाची पदविका केलेले साहाय्यक कर्मचारी या वर्गात. पदविकेवाला खोटा नसतो. वस्तीत, शाळेत, शिबिरात तो फार उपयोगी पडतो, ठरवून दिलेला सराव नीट घेतो. पण निदान करणे, उपचाराची दिशा ठरवणे हे पदवीधराचे काम. म्हणून पदविकेवाला येत असेल तर दुसरा प्रश्न विचारा, "तुमच्यावर देखरेख कोणाची आहे?"

विहारातल्या त्या ताईंनी आता माझ्याकडूनही प्रमाणपत्र मागून घेतले. मोबाइलमध्ये फोटो काढला, मुदतीची तारीख मोठ्याने वाचली आणि म्हणाल्या, "अजून दोन वर्षं आहेत, बरं." मला बरे वाटले आणि थोडे ओशाळल्यासारखेही झाले.

क्रमांक सगळे सांगत नाही

नोंदणी असलेला माणूसही ढिलाई करू शकतो. त्यासाठी काही खुणा सांगते. न बोलणाऱ्या मुलाची श्रवण तपासणी झाल्याशिवाय जो उपचार सुरू करतो, त्याला तिथेच थांबवा. 'तीन महिन्यांत बोलेल, खात्री देतो' म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा. चांगला तज्ज्ञ पहिल्या दोन-तीन भेटींत मुलाला खेळवतो, आईशी बोलतो, लिहून काढतो आणि येत्या तीन महिन्यांत काय साधायचे ते सांगतो. तो आईला शिकवतो. आठवड्यातून दोन वेळा पाऊण तास घेतलेल्या उपचाराने मूल बोलत नाही, उरलेल्या साऱ्या तासांत घरात काय चालते त्यावर बोलते. आईला बाहेर बसवून दार लावून घेणारा उपचार मला पटत नाही.

आणि एक खूण खास आपल्या घरांसाठी. दोन वर्षांपूर्वी एका शाळेने आपल्या वस्तीतली दुसरीतली मुलगी 'उच्चारदोष' लिहून उपचारासाठी पाठवली. पोर चुणचुणीत. गोष्ट सांगताना थांबेना. दोष कोणता, तर ती 'पानी', 'लोनी', 'कोन आला' म्हणत होती. तिच्या घरी आजी तसेच बोलते, आई तसेच बोलते, अख्खी गल्ली तसेच बोलते. हा आजार नाही, ही बोली आहे. 'ण' म्हणता न येणे आणि 'ण' नसलेली बोली बोलणे यांतला फरक ओळखणे हा वाचोपचार तज्ज्ञाच्या शिक्षणाचा भाग आहे. मुलाला 'क' च्या जागी 'त' येतो, 'काका' चे 'ताता' होते आणि चार-पाच वर्षांचा झाला तरी सुधारत नाही, तर उपचार लागतो. वऱ्हाडी, खानदेशी, मालवणी किंवा आपल्या वस्तीची मराठी बोलणाऱ्याला लागत नाही. शाळेची भाषा तो शाळेत शिकेल, तिथे त्याला शिक्षक हवा. आपल्या बोलीला कोणी रोग म्हणून त्याचे पैसे घेत असेल, तर नोंदणी क्रमांक कितीही खरा असो, ते ऐकून घेऊ नका. मी त्या शाळेला तसे लिहून दिले. मुलगी आता चौथीत आहे, वक्तृत्व स्पर्धेत भाग घेते, 'पानी' पण म्हणते आणि 'पाणी' पण.

सनद मिळवायची कशी?

हा भाग दहावी-बारावीची मुले असलेल्या घरांनी नीट वाचावा. आपल्या वस्त्यांतून डॉक्टर, इंजिनियर, वकील झाले. वाचोपचार तज्ज्ञ फार थोडे झाले, कारण असे काही असते हेच ठाऊक नसते. मलाही बारावीनंतर एका ओळखीच्या नर्सबाईने सांगितले म्हणून कळले.

मुख्य वाट म्हणजे श्रवण व वाचा-भाषा विकारशास्त्राची पदवी, बीएएसएलपी. एकूण चार वर्षे, त्यात शेवटचे वर्ष रुग्णांसोबत प्रत्यक्ष कामाचे. त्यासाठी बारावी विज्ञान शाखेतून हवी. महाराष्ट्रात राज्याच्या प्रवेश प्रक्रियेतून भरल्या जाणाऱ्या जागांसाठी नीटचे गुण धरतात. इथे एक गोष्ट पालकांच्या कानावर घालायची आहे. नीटमध्ये एमबीबीएसपुरते गुण पडले नाहीत की आपल्याकडे मुलीला 'नापास' ठरवतात आणि दुसऱ्या वर्षाच्या क्लासची फी भरतात, नाहीतर लग्नाचे बघतात. त्याच गुणांवर या पदवीला प्रवेश मिळू शकतो. पसंतीचे अर्ज भरताना ही ओळ रिकामी सोडू नका. प्रवेशाचे नियम बदलत असतात, त्यामुळे त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचा, कॅफेवाल्याच्या शब्दावर जाऊ नका.

मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाचा व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे, १९८३ साली सुरू झालेली केंद्र सरकारची संस्था. नायर रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयातही हे शिक्षण जुने आहे. पुण्यात खासगी महाविद्यालय आहे. देशातली सर्वांत नावाजलेली संस्था म्हैसूरला आहे, अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था, ती १९६० च्या दशकापासून चालते आणि प्रवेश स्वतःच्या पद्धतीने देते. पदवीनंतर दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण आहे.

चार वर्षे काढणे ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी श्रवण, भाषा व वाचा या विषयाची एक वर्षाची पदविका आहे, डीएचएलएस. तीही बारावी विज्ञाननंतर. ती करून नोंदणी साहाय्यक वर्गात होते, हे वर आलेच आहे.

फसवणूक होते ती इथे. 'सहा महिन्यांत स्पीच थेरपिस्ट व्हा', 'घरबसल्या बाल वाचा तज्ज्ञ' अशा जाहिराती वस्तीच्या ग्रुपवर फिरतात. प्रमाणपत्र जाड कागदाचे, सोनेरी शिक्क्याचे मिळते आणि त्यावर परिषदेत नोंदणी होत नाही. ज्या तरुणाची गोष्ट वर सांगितली, त्यानेही नंतर असेच एक प्रमाणपत्र चाळीस हजार भरून घेतले होते. आईचे डोरले मोडून. म्हणजे तोही फसलेलाच. म्हणून फी भरण्याआधी परिषदेच्या यादीत तीन गोष्टी शोधा : ती संस्था आहे का, तोच अभ्यासक्रम त्या संस्थेला मंजूर आहे का आणि तुमच्या प्रवेशाच्या वर्षासाठी मंजुरी चालू आहे का. मंजुरी ठरावीक काळापुरती असते. मागच्या तुकडीला होती म्हणून तुमच्या तुकडीला असेलच असे नाही. संस्थेचा माणूस 'येईल, येईल' म्हणाला तर 'आली की येतो' म्हणा.

पैशांचे काय? अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असावे लागते, अर्ज महाडीबीटीवर भरायचा. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिपची चौकशी करा. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणाला मदत मिळते. ही सगळी मदत जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र या तीन कागदांवर अडते. वैधतेचा अर्ज अकरावीतच टाका. प्रवेशाच्या आठवड्यात समितीच्या कार्यालयाबाहेर रडणारी मुले मी पाहिली आहेत, त्यांतली एक माझी धाकटी बहीण होती.

पदवी आणि प्रत्यक्ष कामाचे वर्ष संपले की परिषदेकडे अर्ज करायचा. अर्ज ऑनलाइन, शुल्क ऑनलाइन, दहावीपासूनच्या गुणपत्रिका, पदवीचा किंवा तात्पुरत्या पदवीचा कागद, ओळखपत्र. सगळ्यात जास्त अर्ज कशावर रखडतात सांगू? नावावर. दहावीच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर वडिलांच्या नावात एक अक्षर जास्त, पदवीवर आडनावच बदललेले. आपल्याकडे आडनावे बदलण्यामागे इतिहास आहे, त्याबद्दल कोणी खाली बघू नये. पण बदल केला असेल तर राजपत्राची प्रत जपून ठेवा आणि पुढचे सगळे कागद एकाच नावाने करा. मुलींनी लग्नानंतर नाव बदलण्याआधी ही कटकट डोळ्यांसमोर आणावी. क्रमांक हातात पडेपर्यंत स्वतंत्रपणे एकही रुग्ण घेऊ नका, ओळखीतलाही नाही.

टिकवायची कशी?

सनद एकदा मिळाली की जन्मभराची, असे नाही. मुदत पाच वर्षांची. या काळात परिषदेने मान्य केलेल्या निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांना हजर राहायचे, त्याचे गुण जमतात आणि ठरलेले गुण असतील तर नूतनीकरण होते. कार्यशाळा, परिसंवाद, काही कार्यक्रम ऑनलाइनही असतात.

ऐकायला सोपे आहे. पगारी नोकरीतल्याला संस्था रजा देते, कधी शुल्कही भरते. वस्त्यावस्त्यांत फिरून काम करणाऱ्याचे तसे नाही. कार्यशाळेचे दोन दिवस म्हणजे दोन दिवसांची कमाई बुडाली, वर शुल्क आणि प्रवासखर्च. मी सहा वस्त्या करते. सकाळी लोकलने एक टोक, दुपारी बसने दुसरे. बॅगेत आरसा, चित्रांचे पत्ते, एक कापडी माकड, फुंकायच्या भिरभिऱ्या आणि सगळ्या मुलांच्या वह्या. माझे बाळंतपण झाले, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तीन वर्षे एकाही कार्यशाळेला गेले नाही. पत्ता बदलला होता तोही परिषदेला कळवला नव्हता. एक दिवस एका संस्थेने करार वाढवण्यासाठी प्रमाणपत्र मागितले आणि लक्षात आले, मुदत संपून दोन महिने झाले आहेत. नियमाने मी थांबले. गुण जमवून नूतनीकरण होईपर्यंत अकरा आठवडे गेले. तोवर एकोणीस मुले माझ्याकडे होती. काहींना मैत्रिणीकडे पाठवले, सगळ्यांना ते दूर पडले. एक मुलगा तोतरेपणावर सहा महिन्यांच्या मेहनतीने वाक्ये बोलू लागला होता, तो परत आला तेव्हा शब्दावर अडकत होता. माझ्या आळसाचे व्याज त्याने भरले.

तेव्हापासून दर वर्षी दोन कार्यक्रम ठरवून करते, एक पावसाळ्यात आणि एक परीक्षांच्या दिवसांत, जेव्हा मुले तशीही येत नाहीत. हजेरीचे कागद एका फायलीत, मुदतीची तारीख कपाटाच्या दारावर. नव्या मुलींना सांगते की शुल्कासाठी महिन्याला शंभर रुपये बाजूला टाका. आणि पालकांना सांगते, तज्ज्ञ म्हणाली "पुढच्या आठवड्यात कार्यशाळा आहे, येणार नाही", तर कुरकुर करू नका. ती तुमच्याच मुलासाठी जाते आहे.

राज्य बदलले तर?

या सनदेचा एक मोठा फायदा फिरत्या माणसाला आहे. ती सबंध देशात चालते. नागपूरची मुलगी लग्न होऊन भोपाळला गेली किंवा सोलापूरची बेळगावला, तर नवा परवाना काढावा लागत नाही, पत्ता कळवायचा. अमेरिकेत तसे नाही. तिथे परवाना प्रत्येक राज्य वेगळा देते. तिथे 'फिरते वाचोपचार तज्ज्ञ' हा एक पेशाच आहे, काही महिन्यांच्या करारावर एका राज्यातल्या शाळेत, मग दुसऱ्या राज्यातल्या रुग्णालयात. अशा माणसाला ज्या ज्या राज्यात काम, त्या त्या राज्याचा परवाना लागतो आणि प्रत्येकाची मुदत, शुल्क, शिक्षणाचे तास वेगळे सांभाळावे लागतात. अलीकडे अनेक राज्यांनी एकमेकांचे परवाने मानण्याचा करार केला आहे. आपली पदवीधर मुले तिकडे जायचे विचारतात म्हणून सांगते : तिथे नुसत्या पदवीवर परवाना मिळत नाही, पदव्युत्तर शिक्षण, देखरेखीखाली काम आणि परीक्षा लागते. जरूर जा. पण एजंटाला पैसे देण्याआधी ज्या राज्यात जायचे त्या राज्याचा नियम वाचा.

मोफत किंवा स्वस्तात कुठे जायचे?

घरी येणारा तज्ज्ञ परवडत नसेल तर सरकारी वाट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला यावे असे ठरले आहे. जन्मजात बहिरेपणा, फाटलेला ओठ व टाळू, बोलण्यातला उशीर हे त्यांच्या यादीत आहे. अंगणवाडीताईंना तारीख विचारा आणि त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पथक पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवते, त्याला डीईआयसी म्हणतात. मुंबईकरांना वांद्र्याची संस्था आणि नायर आहेच. श्रवणयंत्रासाठी केंद्राची ॲडिप योजना आहे. जाताना मुलाचे आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, लसीकरणाचे कार्ड आणि आधीचे सगळे कागद न्या. आधी कोणी खासगी उपचार केले असतील तर तेही सांगा, लपवू नका.

वाट कधीपर्यंत पाहायची? वर्षाचे झालेले मूल नावाला वळत नसेल, दीड वर्षात एकही अर्थाचा शब्द नसेल, दोन वर्षांत 'पाणी दे', 'बाबा गेला' असे दोन शब्द जोडत नसेल, किंवा आधी बोलत होते ते बोलणे बंद झाले असेल, तर लगेच. 'मामावर गेलाय, मामा पण उशिरा बोलला' हे ऐकून घ्या आणि तपासणीला निघा. मामाची श्रवण तपासणीही कोणी केली नव्हती.

ज्याची गोष्ट सुरुवातीला आली, त्या मुलाला दोन्ही कानांना यंत्रे बसली आहेत. सध्या तो कुकरची शिट्टी झाली की स्वयंपाकघराकडे बोट दाखवतो आणि 'आ' म्हणतो. तो तरुण आता एका श्रवणयंत्राच्या दुकानात नोकरीला आहे. बारावी कला शाखेतून झाली होती, त्यामुळे पदविकेला प्रवेश मिळेना. म्हणून यंदा तो विज्ञान शाखेतून बारावीला पुन्हा बसतोय. जीवशास्त्राची पुस्तके माझ्या बहिणीने दिली आहेत.